रिटर्न भरण्याचा खरा खर्च किती?

प्राप्तिकराचे आणि जीएसटीचे विवरणपत्र, म्हणजेच आपल्या बोलीत रिटर्न, आता संगणकावरच भरावे लागते. त्यामुळे बाजारात असा समज पसरला आहे की, सॉफ्टवेअर विकत घेतल्याशिवाय किंवा एजंटाला पैसे मोजल्याशिवाय रिटर्न भरताच येत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. गिऱ्हाइकाला आम्ही कापडाचा भाव वेगळा, रंगाईचा वेगळा आणि भाडे वेगळे सांगतो. रिटर्नच्या खर्चाचीही अशीच फोड करून पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, मुदतीत रिटर्न भरण्यास सरकार एक पैसाही फी घेत नाही. प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर फॉर्म मोफत भरता येतो. भरल्यानंतर ३० दिवसांच्या आत पडताळणी करायची असते. ती आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होते आणि तीही मोफत. जीएसटीचे पोर्टलही मोफतच आहे.

मग पैसे कशाचे द्यावे लागतात? हिशेब लिहिण्याचे आणि जुळवण्याचे. ज्याची महिन्याला शेकडो बिले होतात, त्या व्यापाऱ्याला सॉफ्टवेअरचे पैसे वसूल होतात, कारण मुनीमजींचे कित्येक दिवस वाचतात. लहान कारागिराची गोष्ट वेगळी आहे. समजा, एका कारागिराची वर्षाची उलाढाल ३० लाख रुपये आहे. त्यातील २० लाख बँकेतून आले आणि १० लाख रोख. अंदाजित नफ्याच्या योजनेत बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा दाखवायचा असतो. म्हणजे १,२०,००० आणि ८०,००० मिळून २,००,००० रुपये. खरा नफा याहून जास्त असेल तर तोच दाखवावा. या योजनेत सविस्तर वह्या ठेवण्याची सक्ती नाही. मात्र फी किंवा सॉफ्टवेअरचा खर्च या नफ्यातून वेगळा वजा मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो पैसा सरळ खिशातूनच जातो.

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ही किंमत एका वर्षाची की कायमची? पुढील वर्षी नूतनीकरणाला किती पडतील? एका पॅनपुरतेच चालेल की घरातील सर्वांसाठी? १८ टक्के जीएसटी किमतीत धरला आहे काय? नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्या कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्याला मिळत नाही.

फी वाचवण्याच्या नादात मुदत चुकली तर सौदा महाग पडतो. ज्याला प्राप्तिकराचे रिटर्न भरणे बंधनकारक आहे, त्याचे उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर विलंब शुल्क १,००० रुपये आणि त्यावर असेल तर ५,००० रुपये लागते. जीएसटीच्या ३बी रिटर्नला उशिराच्या दर दिवसाला ५० रुपये लागतात, व्यवहार शून्य असला तरी २० रुपये. त्याला कमाल मर्यादा आहे, पण थकलेल्या करावर १८ टक्के व्याज वेगळे.

मात्र सर्वांत महाग पडतो तो ‘रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के द्या’ म्हणणारा एजंट. खोट्या वजावटी तो दाखवतो आणि टक्केवारी घेऊन मोकळा होतो. नोटीस मात्र ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे त्यालाच येते. उत्पन्नाची खोटी माहिती दिल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. १०० रुपयांच्या कराला २०० रुपये दंड, शिवाय मूळ कर आणि व्याज.

म्हणून काम कोणाकडूनही करून घ्या, पण पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच ठेवा. पासवर्ड आपल्याजवळ असू द्या. कोणती वजावट दाखवली हे वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका, आणि भरलेल्या रिटर्नची प्रत व पोचपावती मागून घ्या. बिलावर सही करण्याआधी आपण माल मोजून घेतो. ओटीपी ही आजची सहीच आहे.