जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल : ऐकीव काय, खरं काय

मुंबई-पुण्याच्या सेकंडहँड बाजारात दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता सहज मिळतात. होंडा सिटी, सिव्हिक, कोरोला अल्टिस, आय-टेन. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे मालकही या गाड्यांच्या गिअरबॉक्सपाशी आले की बिचकतात, कारण "त्याला हात लावू नका" असं प्रत्येकाला कोणीतरी सांगितलेलं असतं. मॅन्युअल गिअरबॉक्समधलं तेल मुख्यतः वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमधलं तेल, म्हणजे एटीएफ, त्याहून बरंच काही करतं. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद तेच पुढे नेतं, पंपाच्या दाबाने आतले क्लच तेच पकडतं आणि आतली उष्णताही बाहेर वाहून नेतं. म्हणून त्याच्याबद्दलचे गैरसमज महागात पडतात.

गैरसमज : हे ऑइल 'लाइफटाइम' असतं, बदलायची गरजच नाही.
वस्तुस्थिती : बऱ्याच कंपन्यांनी तसं लिहिलं आहे, पण ते कोणाचं आयुष्य हे सांगितलेलं नाही. अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ आपल्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला असं सांगते. तेल जुनं होतं ते मुख्यतः उष्णतेने. सिग्नलला थांबत-सरकत जाणारी रहदारी, उन्हाळा, एसी चालू आणि मधेच घाट, हे सगळं आपल्याकडे रोजचंच. त्यामुळे गाडीच्या माहितीपुस्तकात (मॅन्युअलमध्ये) खडतर वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलं असेल, तर ते आपल्यासाठीच आहे असं समजावं.

गैरसमज : जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो.
वस्तुस्थिती : ही भीती सगळ्यात पसरलेली आहे आणि तिच्यामागे खरे प्रसंगही आहेत. मात्र त्यांचा क्रम उलटा लावला जातो. गाडी झटके मारायला लागली, रेस दिली तरी पुढे सरकेना, की मालकाला ऑइल आठवतं. तोवर क्लचच्या प्लेटा झिजलेल्या असतात. नवं तेल झिजलेली प्लेट भरून काढत नाही. चार दिवसांत गिअरबॉक्स गेला की खापर तेलावर फुटतं. दाब देऊन मशीनने केलेलं फ्लशिंग मात्र जुन्या गाडीत टाळलेलं बरं, कारण तळाशी बसलेला गाळ सुटून तेलाचा दाब क्लचकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. साधं ड्रेन करून भरणं हा सौम्य मार्ग.

बदलण्याआधी गाडीची अवस्था पाहावी. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर टेकवा. तपकिरी झालेलं तेल म्हणजे वय झालेलं तेल, एवढंच. जळका, करपट वास आणि काळे कण दिसले, तर आधी जाणकाराला दाखवा. तेल गुलाबी दुधासारखं दिसत असेल, तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. अशी गाडी चालवूच नका. ड्रेन बोल्टच्या किंवा पॅनच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असणं हे नेहमीच्या झिजेचं लक्षण आहे. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे मिळाले, तर आत काहीतरी तुटलंय.

गैरसमज : लाल रंगाचं कुठलंही एटीएफ चालतं.
वस्तुस्थिती : लाल हा नुसता रंग, गळती ओळखता यावी म्हणून घातलेला. खरा फरक घर्षण सांभाळणाऱ्या रसायनांत आणि पातळपणात असतो. या रसायनांचं महत्त्व इतकं की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या एटीएफमध्ये त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. त्यावर बंदी आल्यावर पर्याय शोधावे लागले. होंडाच्या जुन्या गाड्यांना झेड-वन लागायचं, त्याच्या जागी आता डीडब्ल्यू-वन येतं. टोयोटाची टी-फोर आणि डब्ल्यूएस ही दोन तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डिपस्टिकवर किंवा मॅन्युअलमध्ये जे नाव आहे, तेच घ्या.

गैरसमज : क्लच पेडल नाही, म्हणजे एटीएफच लागणार.
वस्तुस्थिती : भारतात २०१४ मध्ये सेलेरिओपासून सुरू झालेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. तिच्यात साधं गिअर ऑइल असतं. जुन्या होंडा सिटी झेडएक्सच्या सीव्हीटीला, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्सला, एचएमएमएफ हे वेगळं तेल लागतं. सीव्हीटीत साधं एटीएफ ओतणं म्हणजे पट्टा आणि पुली घसरायला मोकळीक देणं.

गैरसमज : ड्रेन बोल्ट उघडला की सगळं जुनं तेल निघतं.
वस्तुस्थिती : टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल आतच राहतं. समजा गिअरबॉक्समध्ये एकूण सहा लिटर मावतं आणि एका वेळी तीन निघतं. पहिल्यांदा निम्मं तेल नवं होईल, दुसऱ्यांदा पाऊण, तिसऱ्यांदा साधारण ८७ टक्के. प्रत्येक वेळी मधे काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवायची. दोन-तीन हप्त्यांत बदललेलं तेल जुन्या गिअरबॉक्सला मानवतंही.

गैरसमज : पातळी इंजिन ऑइलसारखीच बघायची, थोडं जास्त झालं तर बिघडत नाही.
वस्तुस्थिती : घरच्या कामात सर्वाधिक चुका इथेच होतात. टोयोटा, ह्युंदाईच्या डिपस्टिक असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत तेल गरम करून, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवून 'पी'मध्ये आणल्यावर पातळी बघतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत उलट आहे. गरम इंजिन बंद करायचं आणि दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक बघायची. जास्त तेल फिरत्या भागांत घुसळलं जाऊन फेसाळतं, त्यात हवा शिरते, दाब कमी होतो आणि गिअर घसरतो. कमी तेलानेही तेच होतं. म्हणून जेवढं निघालं ते मापाच्या भांड्यात मोजा, तेवढंच भरा आणि मग डिपस्टिकने खात्री करा. गाडीला डिपस्टिकच नसेल, तर तेलाचं तापमान बघत पातळी लावावी लागते. ते काम वर्कशॉपमध्येच करावं.

गैरसमज : बोल्ट खोलता आला की काम जमलं.
वस्तुस्थिती : आधी तेल भरण्याची जागा उघडते का ते पाहा, मगच ड्रेन बोल्टला हात घाला. भरायचा बोल्ट गंजून बसला आणि तेल सांडून झालं, तर गाडी जागेवरच उभी राहील. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. पॅनचे बोल्ट अगदी कमी जोराने आवळायचे असतात. ताकद लावली की पॅन वाकतो आणि गळती सुरू होते. गाडीखाली जायचं असेल तर सपाट जमिनीवर, चाकांना ठोकळे लावून, गाडी घोडीवर टेकवून. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. तेल कोमट असू द्या, उकळतं नको.

निघालेलं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून, अधिकृत रिसायकलरला तेल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवा.

डिपस्टिक असलेली, धड चालणारी जुनी गाडी आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तेल हाताशी असेल, तर हे काम घरी जरूर करा. गाडी आधीच झटके मारत असेल, तर तेलाचा डबा विकत घेण्याआधी मेकॅनिक गाठा.