आगबोटीचे भाडे : तेव्हाचे आणि आताचे

देवगड तालुक्यातील मिठबावच्या माणसाने क्रूझ जहाजाने गोव्याला जायचे ठरवले, तर त्याला आधी उलट दिशेला, म्हणजे मुंबईला जावे लागते. एस.टी.ने कणकवली गाठायची, तेथून कोकण रेल्वेची रात्र काढायची, मुंबईत लालबाग-परळच्या नातेवाईकाकडे सामान टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर जहाजात चढायचे. मग ते जहाज रात्रीच्या अंधारात विजयदुर्ग, देवगड, मिठबाव, मालवण हा सारा किनारा डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे निघून जाते आणि सकाळी प्रवाशाला गोवा दाखवते. मिठबावहून पणजी रस्त्याने काही तासांची वाट! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

तरीही या हौसेला हसण्याचे कारण नाही. कोकणी माणसाच्या मनात 'बोटीने जाणे' या शब्दांना जे वजन आहे, ते रेल्वेला किंवा विमानाला अद्याप आलेले नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली, चिपीचा विमानतळ २०२१ साली झाला. पण त्याआधीच्या कित्येक पिढ्या आगबोटीनेच मुंबईला गेल्या, गिरणीत आणि कचेरीत लागल्या आणि शिमग्याला किंवा मे महिन्याच्या सुटीत आगबोटीनेच घरी परतल्या. निवृत्तीच्या पैशांतून पत्नीला एकदा जहाजाने फिरवून आणावे, असे एखाद्या शिक्षकाला वाटले तर त्यात चैनीपेक्षा ओढीचा भाग मोठा असतो. आणि ओढीने केलेल्या खरेदीत हिशेब पहिल्यांदा सुटतो, हे जहाज कंपन्यांना चांगले ठाऊक असते.

जुन्या बोटीचा हिशेब सोपा होता. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटे. बहुसंख्य उतारू डेकचे तिकीट काढीत. तिकीट म्हणजे बोटीत शिरण्याचा परवाना. बसायची जागा ज्याने-त्याने मिळवायची. म्हणून घरातला चपळ मुलगा पुढे धावे, सतरंजी किंवा वळकटी पसरून चार माणसांची जागा अडवून ठेवी आणि मागून आई, आजी, फणसांची पोती आणि पत्र्याची ट्रंक येई. जेवण घरचे, पाणी घरच्या कळशीतले. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावातून तिच्याकडे नेली जात. पावसाळ्यात वाहतूक बंद असे. चढणे-उतरणे धोक्याचे होते, ओकाऱ्यांनी डेक भरत असे, याचाही विसर पडू नये. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. जुन्या बोटींच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी स्वस्त भाड्याच्या दुसऱ्या बाजूला ही नावेही लिहून ठेवली पाहिजेत.

भाडे स्वस्त का होत असे, याचा इतिहास आजच्या ग्राहकाला अधिक उपयोगाचा आहे. भारतीय किनाऱ्यावर भाडे उतरले ते बहुधा दयेने नव्हे, स्पर्धेने. याचे सर्वांत बोलके उदाहरण तमिळनाडूतील तुतिकोरिनचे. तेथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन करून कोलंबोपर्यंत जहाजे सुरू केली. ब्रिटिश इंडिया कंपनीने लगेच भाडे खाली आणले. स्वदेशी कंपनीने त्याहून खाली आणले. शेवटी ब्रिटिश कंपनीने फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली, असे सांगितले जाते. १९०८ साली चिदंबरम पिळ्ळै तुरुंगात गेले, १९११ साली कंपनी मोडीत निघाली आणि तिची जहाजे प्रतिस्पर्ध्यांकडेच गेली. छत्री घेऊन घरी गेलेल्या उतारूला पुढच्या वर्षीचे भाडे कोण ठरवणार, हे तेव्हा दिसले नसेल. कोकणातही बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनसमोर सहकारी तत्त्वावरची देशी कंपनी उभी राहिली. लोक तिला अभिमानाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत आणि तिच्या बोटींना संतांची नावे होती. लोकांनी कंपनीला 'माझी' म्हटले ते भाड्यापायी नव्हे. मक्तेदाराच्या मेहेरबानीवर अवलंबून राहण्याचा त्यांना वीट आला होता.

मक्तेदारांचे आणखी एक हत्यार होते. जो व्यापारी आपला सारा माल ठरावीक महिने केवळ आमच्याच जहाजांतून पाठवील, त्याला भाड्याचा काही भाग नंतर परत मिळेल. मध्येच दुसऱ्याकडे गेला तर साचलेली सूट बुडाली. नवी कंपनी स्वस्त भाडे देत असूनही व्यापाऱ्याचे पाय जुन्या कंपनीत अडकून राहत. १९२८ साली एस. एन. हाजी यांनी किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले, त्याच्या पाठीमागे असे अनुभव होते. आज क्रूझवरच्या प्रवाशाला परतीच्या आदल्या दिवशी सांगितले जाते, की पुढच्या सहलीची अनामत आत्ताच भरा, म्हणजे मोठी सवलत मिळेल. 'निष्ठावंत' प्रवाशांना गुण दिले जातात आणि ते मुदतीत वापरले नाहीत तर संपतात. माल जाऊन माणूस आला, एवढाच फरक. वर्षातून दोनदा सहलीला जाणाऱ्या धनिकाला ही योजना फायद्याची असेल. आयुष्यात एकदा जाणाऱ्या कारकुनाने त्या टेबलाशी बसू नये.

कोकणची प्रवासी बोट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौगुले कंपनीने चालवली, पुढे ती सरकारी मोगल लाइनकडे आली. 'कोकणशक्ती' आणि 'कोकणसेवक' ही नावे साठी ओलांडलेल्या कोणत्याही मालवणी माणसाला पाठ आहेत. ऐंशीचे दशक संपता संपता ही सेवा बंद पडली. नव्वदीच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान आली आणि गेली. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' सुरू झाली. तिच्यात सामायिक झोपण्याच्या जागाही होत्या, त्यामुळे जुन्या डेकची थोडी आठवण राहिली. तीही टिकली नाही. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' मुंबईहून फिरू लागले. हे १९९० साली बांधलेले, सुमारे ४८ हजार टन आकारमानाचे, अकरा डेकचे जहाज. त्यात डेक आहेत, डेकचे तिकीट नाही. बोट हे वाहन होते. क्रूझ हे तरंगते हॉटेल आहे. भाडे अंतराचे नसून रात्रींचे असते, ही एक गोष्ट समजली की बाकीचा हिशेब आपोआप उलगडतो.

हॉटेल म्हटले की भाडे खोलीचे. जाहिरातीत मात्र आकडा छापतात तो माणशी, आणि एका केबिनमध्ये दोघे राहतील असे गृहीत धरून. येथे सर्वांत मोठा अन्याय होतो तो एकट्या माणसावर. विधवा आई, अविवाहित शिक्षिका, घरी कोणी बरोबर यायला नसलेला निवृत्त लिपिक यांना एकट्याने केबिन घ्यायची तर दुसऱ्या, न आलेल्या माणसाच्या भाड्याचाही मोठा भाग, कधी कधी संपूर्ण भाग, भरावा लागतो. उदाहरणादाखल माणशी वीस हजारांची जाहिरात असेल, तर एकट्या बाईचा खर्च चाळीस हजारांच्या घरात जाऊ शकतो. यावर उपाय एकच, आणि तो कोकणी माणसाला नवा नाही : सोबत जमवणे. एकाच केबिनमध्ये तिसरी-चौथी खाट असेल तर तिचे भाडे पहिल्या दोन खाटांपेक्षा पुष्कळदा कमी असते. दोन बहिणी आणि एक वहिनी अशा तिघी मिळून गेल्या, तर माणशी खर्च उतरतो. सतरंजी टाकून जागा अडवणाऱ्या घराण्यांना हे शिकवायला नको.

छापील आकड्याच्या बाहेर काय राहते, हे पाहण्यात खरी बचत आहे. बंदर शुल्क, वस्तू व सेवा कर, सेवकांसाठीची बक्षिसी, पेये, इंटरनेट, विशेष उपाहारगृहे, किनाऱ्यावरच्या सहली यांपैकी काय भाड्यात धरले आहे आणि काय नाही, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. बक्षिसी ऐच्छिक असेल असे भारतीय माणूस गृहीत धरतो. अनेक जहाजांवर ती दर दिवशी, दर माणशी, आपोआप बिलात चढते. म्हणून दोन सहलींची तुलना जाहिरातीच्या आकड्यांवरून न करता शेवटी खिशातून जाणाऱ्या रकमेवरून करावी, आणि तीत मिठबाव ते मुंबई हा जाण्या-येण्याचा प्रवास व मुंबईतली एक रात्रही धरावी. रेल्वे उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही. त्याच दिवशी पोहोचून एक रात्र वाचवण्याचा मोह कोकण रेल्वेच्या प्रवाशाने तरी टाळावा, आणि दरडींच्या दिवसांत तर निश्चितच.

केबिनची निवड हा दुसरा मोठा प्रश्न. खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त, मग खिडकीची, मग सज्जाची. दोन रात्रींच्या सहलीत माणूस केबिनमध्ये झोपण्यापुरताच असतो; समुद्र उघड्या डेकवर सर्वांना सारखाच दिसतो. शिवाय जहाजाचा मधला आणि खालचा भाग सर्वांत कमी हलतो. ज्याला बोट लागते त्याच्यासाठी स्वस्त केबिनच प्रकृतीला बरी, ही किमतीच्या व्यवहारातली दुर्मीळ सरळ गोष्ट आहे. ज्याला मात्र बंद जागेत जीव घुसमटतो, त्याने येथे पैसे वाचवू नयेत.

काळ कोणता निवडावा? पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की मुंबईहूनची हौशी जहाजवाहतूक आजही थंडावते. त्या महिन्यांत जहाज पूर्व किनाऱ्याला नेतात. २०२३ साली चेन्नईहून श्रीलंकेच्या सफरी सुरू झाल्या त्याचे कारण या वाऱ्यांतही आहे. सर्वांत महाग आठवडे दिवाळी आणि नाताळ-नववर्षाचे. सप्ताहाच्या मधले प्रवास शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतात. यात निवृत्तांची सोय आहे, नोकरदारांची अडचण आहे, आणि शिक्षकांची तर कोंडी आहे, कारण त्यांच्या सुट्या नेमक्या गर्दीच्या काळातच येतात. शिक्षकाने सुट्यांचे वेळापत्रक हाती पडताच आरक्षण करावे. शेवटच्या आठवड्यात भाव पडतील म्हणून थांबण्याचा जुगार ज्याची तारीख ठरलेली आहे त्याला परवडत नाही. तो जुगार निवृत्तांनी खेळावा. पण निवृत्त माणूस कणकवलीला आणि जहाज मुंबईला असते, आणि ऐन वेळी रेल्वेचे तिकीट मिळत नाही, हेही खरे.

कागदपत्रांची गोष्ट नोकरदारांना अधिक लागू पडते. रजा प्रवास सवलतीत खाजगी जहाजाचे पॅकेज बसेल असे धरून चालू नये. आधी कार्यालयातून लेखी उत्तर घ्यावे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर स्रोतावर जो आयकर गोळा होतो, तो बुडीत नसतो, विवरणपत्रात वळता करता येतो; पुष्कळ लोक तो खर्चात मांडून विसरून जातात. रद्द करण्याचे नियम तर पैसे भरण्यापूर्वीच वाचावेत. सर्वांत स्वस्त भाड्याला अनेकदा परतावाच नसतो, आणि घरी ऐंशी वर्षांचे आजारी वडील असतील तर तीच सर्वांत महाग खरेदी ठरू शकते. राहता राहिले हप्ते. घर, शिक्षण, औषधपाणी यांसाठी कर्ज काढणे समजू शकते. दोन रात्रींच्या मौजेचे बारा हप्ते फेडत बसणे हे कोणत्याही सवलतीने स्वस्त होत नाही.

मुळात जहाजात बसण्याची हौस आणि गावी जाण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी एकाच तिकिटात मिळत, तो काळ आगबोटीबरोबर गेला. २०२५ साली मुंबईहून जयगड आणि विजयदुर्ग येथे जाणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा राज्य सरकारने केली, तेव्हा साध्या वर्गाचे भाडे अडीच हजार रुपये सांगण्यात आले. विजयदुर्ग हे मिठबावच्याच तालुक्यातले बंदर आहे. हे भाडे एस.टी. आणि रेल्वेच्या साध्या डब्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि गणपतीला सहकुटुंब येणारा चाकरमानी ते किती वेळा देऊ शकेल हा प्रश्न आहेच. परंतु ज्याला समुद्रावरून देवगडचा किनारा उजेडी पाहायचा आहे आणि संध्याकाळी मिठबावला आपल्या ओटीवर बसायचे आहे, त्याला अशा बोटीत क्रूझच्या एका केबिनच्या खर्चात चौघांना बरोबर आणता येईल. ती बोट वर्षानुवर्षे वेळापत्रकाप्रमाणे चालणार की 'आंग्रिया'च्या वाटेने जाणार, हे तिच्या भाड्यावर जेवढे अवलंबून आहे तेवढेच विजयदुर्गच्या धक्क्यावर उतरलेल्या माणसाला पुढे मिठबावची एस.टी. उभी मिळते की नाही, यावरही अवलंबून आहे.