सम्नर सरांचा वर्ग

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव निघते. ज्यांचे वाचन थोडे अधिक आहे ते ड्युबॉइस यांचे नाव घेतात, कारण १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते. पण फ्रान्सिस सेसिल सम्नर कोण, असे विचारले तर बहुतेक जण मान हलवतील. त्यात त्यांचा दोष नाही. सम्नर पुढारी नव्हते, वक्ते नव्हते. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात पंचवीस वर्षे ते मानसशास्त्र शिकवत राहिले, एवढेच त्यांचे काम.

सम्नर यांचा जन्म ७ डिसेंबर १८९५ रोजी आर्कान्सा राज्यातल्या पाइन ब्लफ गावी झाला. प्राथमिक शाळा कशीबशी झाली; पण हायस्कूलचे तोंड त्यांनी पाहिले नाही. त्या काळी दक्षिणेत काळ्या मुलांसाठी हायस्कुले होतीच किती! वडिलांनी मुलाला घरीच बसवून शिकवले. जुनी पुस्तके वाचायला द्यायची, त्यावर लिहायला लावायचे, लिहिलेले तपासायचे. हायस्कूलचा दाखला नाही म्हणून लिंकन विद्यापीठाने प्रवेशासाठी लेखी परीक्षा घेतली. ती पास होऊन १९११ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, हा मुलगा कॉलेजात गेला आणि १९१५ साली उत्तम गुणांनी पदवीधर झाला.

पुढे ते मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठात गेले. तिथले प्रमुख जी. स्टॅन्ले हॉल हे अमेरिकेतले त्या विषयातले मोठे नाव. (या विद्यापीठाचे नाव आणि खाली ज्यांची हकीकत येणार आहे त्या क्लार्क पतिपत्नींचे आडनाव एकच असले, तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.) अभ्यास चालू असतानाच १९१८ साली सैन्यात भरती व्हावे लागले आणि सम्नर फ्रान्सच्या आघाडीवर गेले. परत येऊन त्यांनी १४ जून १९२० रोजी पीएच.डी. मिळवली. प्रबंध होता फ्रॉइड आणि अॅडलर यांच्या मनोविश्लेषणावर. मानसशास्त्रात ही पदवी मिळवणारे अमेरिकेतले ते पहिले काळे गृहस्थ.

एवढी पदवी असून गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे त्यांना बंदच होती. काळ्यांच्या लहान कॉलेजांतून आठ वर्षे काढली आणि १९२८ साली ते हॉवर्डला आले. तिथे मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहावा म्हणून त्यांनी खटपट केली, आणि तो उभा केला. माणूस अबोल, पण कामाला वाघ. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश या भाषांतले हजारो लेख वाचून त्यांचे सारांश त्यांनी इंग्रजी नियतकालिकांसाठी लिहिले. आठ तास खर्डेघाशी करून घरी आल्यावर चार पाने वाचताना आमचे डोळे मिटतात. म्हणून असल्या माणसाचे मला फार नवल वाटते.

हॉवर्डमध्ये तेव्हा मानसशास्त्रात डॉक्टरेट करण्याची सोय नव्हती. म्हणजे विद्यार्थ्याला एम.ए.पर्यंत घडवायचे, आणि मग गोऱ्यांच्या विद्यापीठात तो मागे पडणार नाही इतकी तयारी करून त्याला पाठवून द्यायचे. नाव व्हायचे ते त्या दुसऱ्या विद्यापीठाचे. सम्नर सर हे काम करत राहिले.

१९३१ साली केनेथ क्लार्क नावाचा मुलगा हॉवर्डमध्ये आला. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेला, डॉक्टर व्हायचे ठरवून आलेला. दुसऱ्या वर्षी तो सम्नर सरांच्या वर्गात बसला आणि त्याचा बेत बदलला. माणूस माणसाशी असा का वागतो, याची पद्धतशीर तपासणी करणारे शास्त्र आहे हे त्याला तिथे कळले. पोरगा गरीब गाय नव्हता. अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीतल्या उपाहारगृहात काळ्यांना वाढत नसत. तिथे निदर्शने करून त्याने अटकही ओढवून घेतली. सरांचे धडे वेगळे होते. जे म्हणायचे ते पुराव्याने म्हणायचे. सरांनी आपल्याला नुसते मानसशास्त्र नव्हे तर सचोटी शिकवली, असे क्लार्क पुढे सांगत.

याच केनेथने मेमी फिप्स या गणिताच्या विद्यार्थिनीला मानसशास्त्राकडे वळवले. गणिताचे मास्तर मुलींना फारसे विचारीत नसत, अशी तिची तक्रार होती. दोघांनी १९३७ साली लग्न केले. मेमीने १९३९ साली एम.ए.चा प्रबंध लिहिला तो लहानग्या काळ्या मुलांना आपल्या रंगाची जाणीव कशी होते यावर. मग दोघे कोलंबिया विद्यापीठात गेले. होय, तेच कोलंबिया, जिथे १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले. केनेथ १९४० साली डॉक्टर झाले, मेमी १९४३ साली.

त्यांचा बाहुल्यांचा प्रयोग जगभर गाजला. चार बाहुल्या. रंग सोडला तर हुबेहूब सारख्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांना विचारले : कोणती बाहुली खेळायला हवी? छान कोणती? वाईट दिसते ती कोणती? दोनतृतीयांश मुलांनी खेळायला गोरी मागितली. निम्म्याहून अधिक मुलांनी वाईट म्हणून तपकिरी बाहुली उचलून दिली. शेवटचा प्रश्न असा : आता तुझ्यासारखी दिसते ती दे. त्यावर काही मुले रडत खोलीबाहेर गेली.

पुढे या प्रयोगावर अभ्यासकांनी टीकाही केली. पण "मी वाईट" हे तीन वर्षांच्या लेकराला कोणी शिकवले, हा प्रश्न त्या टीकेने पुसला जात नाही. आपल्या आयाबायांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचे खटले सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा वकिलांनी क्लार्क यांची मदत घेतली. गंमत अशी की व्हर्जिनियातल्या खटल्यात वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले ते कोलंबियातले हेन्री गॅरेट. मेमीच्या डॉक्टरेटचे मार्गदर्शक तेच!

१२ जानेवारी १९५४ रोजी वॉशिंग्टनमध्ये घरासमोरचा बर्फ फावड्याने काढताना सम्नर सरांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय अठ्ठावन्न. चार महिन्यांनी, १७ मे १९५४ रोजी, कोर्टाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालपत्रात अकरा नंबरची एक तळटीप आहे, मानसशास्त्राच्या पुराव्यांची. तिच्यातले पहिले नाव के. बी. क्लार्क यांचे आहे.