पीथमपूरची गोळी आणि हृदयाची लय

मार्च 2020. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इप्का लॅबोरेटरीज या भारतीय कंपनीवरचे जुने आयात-निर्बंध काही औषधांपुरते सैल केले. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या कारखान्यातली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी पुन्हा तिकडे जाऊ शकणार होती. मलेरियाचे, संधिवाताचे हे जुने औषध कोरोनावर चालेल, अशी आशा होती. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात भारताने या गोळीची निर्यात पूर्ण थांबवली आणि तीनच दिवसांत ही बंदी सैलही केली.

24 एप्रिलला त्याच अमेरिकी प्रशासनाने इशारा दिला: या औषधाने हृदयाची लय बिघडू शकते.

लय बिघडणे म्हणजे एकच आजार नव्हे. मध्येच एखादा जादा ठोका पडतो, छातीत धस्स होते. निरोगी हृदयात तो बहुधा निरुपद्रवी. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचे कप्पे नुसते थरथरतात, आत गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हार्ट ब्लॉकमध्ये वरचा संदेश खाली पोचत नाही, नाडी मंदावते, पेसमेकर लागू शकतो. सर्वांत घातक गडबड खालच्या कप्प्यांची. तिथे काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा धोका याच शेवटच्या प्रकारचा. प्रत्येक ठोक्यानंतर पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, तेव्हा त्या पुढच्या ठोक्याला तयार होतात. औषध ही वाट अडवते. ईसीजीवर या तयारीचा काळ दाखवणारे क्यूटी अंतर लांबते, आणि नेमका तेव्हा जादा ठोका पडला तर देसेर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी 1966 मध्ये वर्णिलेली, पिळवटत जाणारी लय सुरू होऊ शकते. त्या वसंतात सोबत दिले जाणारे अझिथ्रोमायसिनही क्यूटी लांबवते.

हे सारे नवे असते तर समजून घेता आले असते. पण 1912 मध्येच एका डच व्यापाऱ्याने हृदयतज्ज्ञ वेंकेबाख यांना सांगितले होते की, क्विनाइन घेतले की आपली विस्कटलेली नाडी सरळ होते. त्यातूनच 1918 मध्ये क्विनिडिन पुढे आले. ते घेणारे काही रुग्ण अचानक बेशुद्ध पडत; त्यामागे खालच्या कप्प्यांची थरथर असते, हे 1964 मध्ये छापूनही आले. सिंकोनाच्या सालीतल्या, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या नात्यातल्या या औषधांचा अनुभव हाताशी असताना, गोळीआधी ईसीजी हा आग्रह पहिल्या दिवसापासून हवा होता. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, आयसीएमआरने, आरोग्यसेवकांना मार्चमध्ये ही गोळी सुचवली. ईसीजीचा सल्ला मेमधल्या सुधारित सूचनांत आला.

5 जूनला ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने कोरोनाच्या भरती रुग्णांना या गोळीचा उपयोग नसल्याचे सांगितले. 15 जूनला अमेरिकेने कोरोनासाठी तिला दिलेली तातडीची परवानगी मागे घेतली. ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत तीच गोळी वर्षानुवर्षे घेत आहेत.