टोमॅटोच्या बियांचा मुहूर्त



संक्रांत आटोपली, ऊन जरा उबदार वाटू लागले की ग्वाल्हेरच्या घराघरांतून कुंड्या उकरायला सुरुवात होते. वसंत पंचमीचा दिवस चांगला, म्हणून पुष्कळ घरी त्याच सुमारास टोमॅटोचे बी पेरले जाते. रोपे जोमाने वाढतात, हिरवीगार होतात, फुलेही येतात. मग एप्रिलमध्ये तीच फुले देठापासून गळून पडतात आणि टोमॅटो काही मिळत नाहीत. खत कमी पडले की पाणी, असा वाद घरात होतो. खरे कारण बहुधा पेरणीच्या तारखेत असते.

दोन बाजूंची भिंत

टोमॅटोला कडाक्याची थंडी सोसत नाही आणि कडक ऊनही सोसत नाही. इकडच्या हिंदीत ज्याला 'पाला' म्हणतात, ते गोठलेले दहिवर एका रात्रीत कोवळे रोप काळे करते. उलट दुपारचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही २२-२४ अंशांच्या खाली येईनासे झाले, की परागकण निकामी होऊ लागतात व फूल फळ न धरताच गळते.

आपल्याकडे जानेवारीत रात्रीचा पारा कित्येकदा चार-पाच अंशांवर येतो आणि एप्रिलच्या मध्याला दुपारी तो चाळिशीकडे झुकतो. म्हणजे फळ धरण्याचा खरा काळ फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. थंड देशांच्या बागकामाच्या पुस्तकांत 'शेवटच्या हिमाआधी सहा ते आठ आठवडे बी पेरा' असे लिहिलेले असते. तिथला उन्हाळा सौम्य असल्याने उशीर झाला तरी थोडेफार निभावते. आपल्याला मात्र मागची थंडी आणि पुढचा उन्हाळा, दोन्हींचा हिशेब धरावा लागतो.

उलटी मोजणी

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागते. मुलांनी लावलेले टोमॅटो मुलांनीच तोडायचे, तर पहिले फळ २५ एप्रिलच्या सुमारास पिकायला हवे. तिथून मागे मोजू या.

फूल उमलल्यापासून फळ पिकायला सुमारे ५० दिवस लागतात. म्हणजे फुले ६ मार्चपर्यंत यायला हवीत. जमिनीत लावल्यापासून फूल यायला साधारण ३० दिवस. म्हणजे लावणी ४ फेब्रुवारीच्या आसपास. थंडीत रोप सावकाश वाढते, त्यासाठी ५० दिवस धरले की १६ डिसेंबर येतो. उगवणीचे आठ-नऊ दिवस आणखी वजा केले, की पेरणीची तारीख निघते ७ डिसेंबर.

हे आकडे जातीप्रमाणे व हवेप्रमाणे आठवडाभर मागेपुढे होतील. पण डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा आपला मुहूर्त, एवढे पक्के लक्षात ठेवावे.

डिसेंबरात पेरायचे, म्हणून घरात पेरायचे

उगवणीला मातीची ऊब लागते. माती २५ ते ३० अंश असेल तर बी सहा दिवसांत उगवते, १५ अंशांना दोन आठवडे लागतात आणि १० अंशांना महिना उलटून जातो. तोपर्यंत ओल्या मातीत बी कुजण्याचीच भीती. म्हणून दह्याचे रिकामे डबे किंवा कागदी पेले घ्यावेत, बुडाला भोके पाडावीत आणि माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात भरावे. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकावे. डबे स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवून वर प्लास्टिकचा कागद झाकावा.

कोंब दिसताच मात्र कागद काढावा आणि डबे उजेडात न्यावेत. अंधारात राहिलेली रोपे लांबट व किडकिडीत होतात. दिवसा गच्चीवर किंवा चौकात उन्हात, संध्याकाळी पुन्हा घरात, हा क्रम जानेवारीभर चालू ठेवावा. धुक्याच्या दिवसांत दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवावीत आणि पाणी बेताने द्यावे. जास्त ओलीने रोपाची मान मातीलगत कुजते व ते आडवे पडते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रोपे बाहेर जास्त वेळ ठेवून त्यांना हवेची सवय करावी. रोप १२ ते १५ सेंटिमीटर उंच व पाच-सहा पानांचे झाले की संध्याकाळी लावावे. खोड थोडे खोल पुरावे, त्याला नव्या मुळ्या फुटतात. लावल्यावर थंडीची लाट आलीच, तर रात्री टोपली किंवा पोते झाकावे.

बी तपासून घ्यावे

डब्यात राहिलेले जुने बी असेल तर नोव्हेंबरातच दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवाव्यात. आठवड्या-दहा दिवसांत सात-आठ फुटल्या तर बी चांगले. चारच फुटल्या तर दुप्पट पेरावे किंवा नवे आणावे. नवे आणताना 'पुसा सदाबहार' मिळाले तर पाहावे. थंड व उष्ण अशा दोन्ही रात्रींत फळ धरावे म्हणूनच ही जात काढलेली आहे.

ज्यांचा डिसेंबर हुकेल त्यांनी फेब्रुवारीत टोमॅटोच्या मागे न लागता भेंडी व गवार पेरावी. त्यांना आपला उन्हाळा मानवतो. टोमॅटोसाठी पुढे पावसाळ्यात पुन्हा संधी येते.

विद्यार्थ्यांनी पेरणी, पहिला कोंब, लावणी, पहिले फूल आणि पहिले पिकलेले फळ या पाच तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या गच्चीचा, आपल्या गल्लीचा नेमका मुहूर्त आपल्याच वहीत सापडेल.