ट्रकचं भाडं परवडतं म्हणजे नेमकं काय?

एकच ट्रक असलेला मालक भाड्याचं बोलायला बसतो, तेव्हा समोरच्या ब्रोकरला किंवा हुंडेकऱ्याला त्या दिवसाचा बाजार तोंडपाठ असतो. मालकाला मात्र बरेचदा स्वतःच्या गाडीचा खर्चही पुरता माहीत नसतो. बोलणी तिथेच हातची जातात. गाड्यांची गर्दी, डिझेलचे भाव, मोठ्या पार्ट्यांचा जोर ही कारणं खरी आहेत, पण त्यांवर एकट्या मालकाचा इलाज चालत नाही. हिशेबावर चालतो, आणि गैरसमज सर्वांत जास्त या हिशेबाबद्दलच आहेत.

गैरसमज: भाडं सरकारने किंवा संघटनेने बांधून द्यावं, एकट्याच्या बोलण्याने काही होत नाही.

वस्तुस्थिती: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६७ नुसार मालवाहतुकीच्या किमान व कमाल भाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पण महाराष्ट्रात सर्वसाधारण मालाचं भाडं आजही बोलणीतूनच ठरतं. संघटनेने सगळ्यांसाठी एकच दर जाहीर करावा, तर स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३ आडवं येतं. एकाच धंद्यातल्यांनी मिळून किंमत ठरवणं तो कायदा स्पर्धेला मारक मानतो. संघटनेचा उपयोग नाही, असा याचा अर्थ नाही. खर्च कसा काढावा हे ती शिकवू शकते, बुडव्या पार्टीविरुद्ध सभासदाच्या पाठीशी उभी राहू शकते. आकडा मात्र ज्याचा त्यालाच काढावा लागतो.

गैरसमज: डिझेल आणि टोल वजा जाता उरलं ते सुटलं.

वस्तुस्थिती: गाडीला दोन प्रकारचे खर्च असतात. एक चालल्यावर होतो, दुसरा नुसता दिवस उगवला की होतो. समजा, दहाचाकी गाडीचा हप्ता, विमा, कर, फिटनेस आणि ड्रायव्हरचा पगार मिळून महिन्याला १ लाख रुपये लागतात आणि गाडी २५ दिवस कामात असते. म्हणजे गाडीचा एक दिवस ४,००० रुपयांचा. आता ८०० किलोमीटरचं भाडं घ्या. चारच्या अ‍ॅव्हरेजने २०० लिटर डिझेल, ९० रुपयांनी १८,००० रुपये, टोल ५,०००, टायर, ऑइल आणि मेंटेनन्सचे किलोमीटरला ५ रुपये धरून ४,०००. चालण्याचा खर्च झाला २७,०००. भरणं, प्रवास आणि खाली करणं यात तीन दिवस गेले, त्यांचे १२,०००. पूर्ण खर्च ३९,०००. ब्रोकर ३५,००० म्हणतो तेव्हा डिझेल-टोल वजा करून १२,००० उरल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ४,००० खिशातून गेलेले असतात. ते लगेच कळत नाहीत, टायर बदलताना किंवा विमा भरताना कळतात.

गैरसमज: गाडी उभी ठेवण्यापेक्षा मिळेल ते भाडं घेतलेलं बरं.

वस्तुस्थिती: या म्हणण्यात अर्धं सत्य आहे. हप्ता उभ्या गाडीलाही चुकत नाही, म्हणून एखाद्या मंदीच्या दिवशी चालण्याच्या खर्चापेक्षा थोडं जास्त देणारं भाडंही तोटा कमी करतं. त्यामुळे प्रत्येक फेरीचे दोन आकडे हवेत. वरच्या उदाहरणात २७,००० हा तळ आणि ३९,००० हा पूर्ण खर्च. तळाखाली कधीच जायचं नाही. दोहोंच्या मध्ये जायचं ते अडचणीपुरतं, कारण महिन्याची गोळाबेरीज पूर्ण खर्चाच्या वर गेली तरच हप्ता निघतो. परतीच्या भाड्याचंही तसंच. रिकामी गाडी आणली तरी डिझेल आणि टोल लागतोच, म्हणून परतीला कमी दर घेणं चुकीचं नाही. पण त्या मालासाठी चार दिवस थांबावं लागलं, तर १६,००० रुपये आधीच गेलेले असतात. परतीची खात्री नसेल, तर रिकाम्या फेरीचा वाटा जातानाच्या भाड्यातच मागायला हवा.

गैरसमज: दर कमी असला तरी जादा टन भरून वसूल होतो.

वस्तुस्थिती: २०१८ पासून दहाचाकी ट्रकचं मालासकट कमाल वजन २८.५ टन आहे. त्यावर भरलं तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड, शिवाय जादा टनामागे २,००० रुपये. तीन टन जादा म्हणजे २६,०००, आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. टनाला २,००० दर धरला तर त्याच तीन टनांची कमाई ६,००० रुपये. आणखी एक गोष्ट दंडापेक्षाही महागात पडते: सगळेच जादा भरू लागले की पार्टी त्याच वजनावर दर पाडते आणि पासिंगप्रमाणे भरणाऱ्यालाही तोच पडलेला दर मिळतो.

गैरसमज: हमाली, खोळंबा, थकलेला बॅलन्स हे धंद्यात चालायचंच.

वस्तुस्थिती: ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही महाराष्ट्रातल्या ट्रकमालकांची मागणी हिशेबाला धरून आहे. भाड्यातून वाराई, म्हणजे माल भरण्या-उतरवण्याचा खर्च, कापली जाते, तेव्हा ठरलेला दर कागदावरच राहतो. खोळंब्याचा दिवस ४,००० रुपयांचा आहे, म्हणून चोवीस तासांनंतर हॉल्टिंग किती, हे गाडी लावण्याआधीच मेसेजवर लिहून घ्यावं. बॅलन्सचं म्हणाल तर उद्यम नोंदणी केलेला एका ट्रकचा मालकही सूक्ष्म उद्योजकच ठरतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. ठरलेली नसेल तर १५ दिवस. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते.

यावर ठरलेला आक्षेप येतो: एवढं बोललं तर माल दुसऱ्याच्या गाडीत जाईल. काही वेळा जाईलही. पण तळाखालचा माल दुसऱ्याने नेला, तर त्या फेरीचा तोटाही त्यानेच नेला. शिवाय माल वेळेवर आणि कोरडा पोचवणाऱ्या गाडीची गरज पार्टीलाही असते. नुसतं ‘परवडत नाही’ म्हणण्यापेक्षा मालकाने डिझेल, टोल आणि दिवस असा खर्च तिच्यापुढे मांडला, तर तिला उत्तर देणं भाग पडतं. गाडीच्या एका दिवसाची किंमत आज वहीत लिहा, डिझेलचा भाव किंवा हप्ता बदलला की दुरुस्त करा आणि ती पाहिल्याशिवाय कुठल्याही भाड्याला हो म्हणू नका.