जुनी व्हॅन घेताना आधी कागद, मग पत्रा आणि शेवटी इंजिन

मारुती उद्योगाने १९८४ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून 'मारुती व्हॅन' बाजारात आणली, तेव्हा या आटोपशीर वाहनाने अनेक भारतीय कुटुंबांच्या प्रवासाचे स्वरूप बदलले. १९८८ मध्ये तिचे नामकरण 'ओम्नी' असे झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. उत्पादन थांबले, तरी तिच्याविषयीचा जिव्हाळा संपलेला नाही. विशेषतः सुरुवातीच्या काळातील व्हॅन जतन करण्याच्या हेतूने शोधणारे हौशी ग्राहक आता दिसू लागले आहेत. मात्र अशा खरेदीत भावनेच्या भरात मोठी फसगत होऊ शकते. त्यामुळे व्हॅन पाहण्यास जाताना तपासणीचा क्रम मनाशी पक्का असणे आवश्यक आहे.

सर्वसाधारण ग्राहक सर्वप्रथम इंजिन सुरू करून पाहतो. जुन्या व्हॅनच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा. बिघडलेले इंजिन दुरुस्त करता येते. सडलेला सांगाडा दुरुस्त करणे खर्चिक आणि अनेकदा अशक्य असते. सदोष कागदपत्रांवर तर कोणत्याही गॅरेजमध्ये उपाय नाही.

'व्हिंटेज' शब्दाचा अर्थ

विक्रेते अनेकदा 'व्हिंटेज' किंवा 'क्लासिक' असे शब्द वापरून किंमत वाढवून सांगतात. 'क्लासिक' या शब्दाला आपल्या मोटार वाहन नियमांत स्वतंत्र स्थान नाही. 'व्हिंटेज' या शब्दाची व्याख्या मात्र जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत करण्यात आली. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, खासगी वापराची आणि सांगाडा, बाह्यरूप व इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहनेच या वर्गात मोडतात. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा समावेश असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्यांचा वापर प्रदर्शन, शर्यतीवजा फेऱ्या, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरता मर्यादित राहतो.

याचा अर्थ असा की १९८४ साली नोंदलेली व्हॅन २०३४ पूर्वी या वर्गात येऊ शकत नाही. तोपर्यंत तिला सामान्य खासगी वाहनाचे सर्व नियम लागू आहेत. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीच्या मॅटाडोरसारख्या, परिवहन वाहन म्हणून नोंदलेल्या व्हॅनबाबत अधिक सावधगिरी हवी. त्यांना योग्यता प्रमाणपत्र, परवाना आणि कर यांचे वेगळे नियम लागू होतात.

नोंदणी पुस्तिका

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या तपासणीनंतर प्रत्येक वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. व्हॅनची नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हा विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न होय. ऑगस्ट २०२५ मधील सुधारणेनुसार २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटार वाहनाच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये करण्यात आले असून त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा आहे. नूतनीकरणास विलंब झाल्यास जादा आकारणी होते. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील वाहनांना पर्यावरण करही भरावा लागतो. ही रक्कम व्हॅनच्या किमतीत धरूनच सौदा करावा.

जुन्या नोंदणी पुस्तिकांची आणखी एक अडचण आहे. अनेक वाहनांच्या नोंदी केवळ कागदावर झालेल्या असून त्या 'वाहन' या संगणकीय प्रणालीत आलेल्या नाहीत. अशा वेळी मूळ नोंदणी कार्यालयातून ती नोंद चढवून घेण्याची जबाबदारी सौदा पूर्ण होण्यापूर्वी विक्रेत्यावर टाकावी. नोंद सापडल्यास प्रलंबित दंड, बँकेचा बोजा आणि काळ्या यादीतील उल्लेख तपासावेत. कर्ज फिटले असले, तरी पुस्तिकेवरील बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी वित्तसंस्थेचे पत्र व अर्ज क्रमांक ३५ लागतो.

पुस्तिकेतील सांगाडा क्रमांक व्हॅनवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरशः जुळवून पाहावा. कोरलेल्या आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेण्याची परिवहन कार्यालयातील जुनी पद्धत येथे उपयोगी पडते. आकडे असमान खोलीचे असणे, भोवतीचा पत्रा घासलेला असणे अथवा जवळ वेल्डिंगची खूण असणे हे धोक्याचे इशारे होत. इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नाही. मात्र त्या बदलाची नोंद पुस्तिकेत असली पाहिजे. रंग, आसनसंख्या आणि इंधन यांबाबतही हेच लागू होते.

दुसऱ्या राज्यातील व्हॅन घेताना ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. नव्या राज्यात पुनर्नोंदणी झाल्यावर नवा क्रमांक मिळतो, म्हणजेच जुन्या पद्धतीचा मूळ क्रमांक जातो. ज्यांना त्या क्रमांकाचेच आकर्षण आहे, त्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले आणि त्यांचे तपशील वेळोवेळी बदलले. तेथील रहिवाशांनी खरेदीच्या दिवशी लागू असलेला आदेश पाहूनच निर्णय घ्यावा.

पत्रा आणि गंज

या व्हॅनला ट्रकसारखी स्वतंत्र, जड चौकट नाही. तिचा पत्र्याचा सांगाडाच सर्व भार पेलतो. त्यामुळे गंज ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई अशा किनारी भागांत वापरलेल्या व्हॅनची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी.

पायाखालचे रबरी आच्छादन उचलून तळाचा पत्रा पाहावा. सरकत्या दारांची खालची पट्टी, दारांखालचा उंबरठा, चाकांच्या कमानी आणि मागील पाटे जेथे जोडलेले असतात त्या जागा बोटाने दाबून पाहाव्यात. ताजा काळा रंग तळाला फासलेला असेल, तर तो गंज झाकण्यासाठी आहे का, हे विचारावे. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक बाजूंवरून फिरवल्यास पुट्टी भरलेल्या जागी ते चिकटत नाही. शक्य असल्यास गॅरेजमध्ये व्हॅन उचलून खालून पाहावी. त्यासाठी विक्रेता तयार नसेल, तर सौदा सोडलेला बरा.

इंजिन, इंधन आणि आग

ओम्नीत ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढील आसनांच्या खाली बसवलेले आहे. मारुती ८०० मध्येही याच जातीचे इंजिन असल्याने सुटे भाग व जाणकार कारागीर सहज मिळतात. पहिल्या व्हॅनचे मूळ दिवे, काचा व आतील सजावट मिळवणे मात्र कठीण असते.

इंजिन थंड असतानाच ते सुरू करण्याचा आग्रह धरावा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे दर्शवतो, तर काळा धूर कार्ब्युरेटरमधील दोष सुचवतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल अथवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरत असण्याची शक्यता असते. व्हॅन चालवताना गिअर निसटणे, ब्रेक दाबताच एका बाजूला ओढणे आणि वेग घेताना खालून 'टक्' असा आवाज येणे या गोष्टींकडे लक्ष द्यावे. शेवटचा दोष बहुधा मागील चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसचा असतो.

सर्वांत महत्त्वाची तपासणी आसनाखालची आहे. इंजिन प्रवाशांच्या इतक्या जवळ असल्याने तेथे लागलेल्या आगीत बाहेर पडण्यास फार थोडा वेळ मिळतो. आसन उचलून पेट्रोलचा वास येतो का, रबरी नळ्यांना भेगा पडल्या आहेत का, तारांवर नुसती चिकटपट्टी गुंडाळली आहे का, हे पाहावे. आज देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या बदलण्याचा खर्च अल्प आहे. खरेदीनंतरचे पहिले काम तेच असावे.

गॅसवर चालणारी व्हॅन असल्यास संचाची नोंद पुस्तिकेत हवी. सीएनजी टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी बंधनकारक असून तिचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. घरगुती गॅस सिलिंडर जोडण्यासाठी केलेली व्यवस्था आढळल्यास ती व्हॅन कोणत्याही किमतीत घेऊ नये.

वापराची मर्यादा

या व्हॅनमध्ये चालकाच्या पायांपुढे फारसे काही नसते. समोरासमोर धडक झाल्यास तो आघात थेट पुढे बसलेल्यांवर येतो. एअरबॅग वा आधुनिक ब्रेकव्यवस्था तिच्यात नाही. नव्या सुरक्षा निकषांमुळेच तिचे उत्पादन थांबले. म्हणून जतन केलेली जुनी व्हॅन मुलांना रोज शाळेत पोचवण्यासाठी किंवा महामार्गावरील वेगवान प्रवासासाठी वापरू नये. शहरातील मोजक्या, सावकाश फेऱ्यांसाठी ती योग्य आहे आणि तेथेही पट्टा लावणे आवश्यकच आहे.

सौदा ठरल्यावर अर्ज क्रमांक २९ व ३० वर सह्या घेऊन मालकी हस्तांतरण तत्काळ पूर्ण करावे आणि विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावा. हस्तांतरण होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.